आभार कोणी कोणाचे मानावयाचे?

खचलेल्या मनावर सध्या एक नवा उतारा सर्वत्र सुचवला जात आहे. रात्री निजण्यापूर्वी वही उघडावी, दिवसभरात लाभलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहाव्यात, त्यांबद्दल कृतज्ञ व्हावे. नैराश्य ओसरू लागेल. ही शिकवण इतकी स्वस्त आणि इतकी निरुपद्रवी दिसते की तिला हरकत घेणारा मनुष्यच कृतघ्न ठरावा. हरकत घेणे तरीही भाग आहे.

या उपायाच्या बाजूने जे आहे ते प्रथम मान्य केले पाहिजे. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दर आठवड्याला कृतज्ञता वाटावी अशा गोष्टी नोंदवल्या, दुसऱ्याने त्रासाच्या. दहा आठवड्यांअखेर पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक बरे वाटत होते. परंतु ही कॉलेजातील मुले होती, नैराश्याचे रुग्ण नव्हेत. पुढे ओहायो राज्य विद्यापीठातील डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीवन्स यांनी २०२० साली अशा २७ अभ्यासांचा, म्हणजे ३,६७५ व्यक्तींवरील प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. नैराश्यावर होणारा परिणाम अल्प आढळला, आणि ज्यांना खरोखर नैराश्य कमी करावयाचे आहे त्यांनी अधिक सिद्ध झालेल्या उपचारांकडे वळावे, असा सल्ला त्यांनी दिला. वही वाईट नव्हे. तिला औषध म्हणणे वाईट.

कारण नैराश्य म्हणजे निव्वळ दुःख नव्हे. त्यात गोष्टींमधला रस आटतो, झोप आणि भूक बिघडते, आणि स्वतःविषयी अकारण अपराधीपणा दाटून येतो. हा अपराधीपणा आजाराच्या लक्षणांतच मोडतो. अशा माणसाला ‘घरदार आहे, मुलेबाळे आहेत, दोन वेळचे जेवण आहे, त्याबद्दल कृतज्ञ राहा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या मनाने त्याच्यावर आधीच ठेवलेल्या आरोपपत्राखाली समाजाने सही करणे होय. ‘एवढे सगळे असून मला आनंद होत नाही, म्हणजे दोष माझाच,’ असे तो मनाशी म्हणत असतोच. रात्री वहीचे पान कोरे राहते आणि सकाळी तेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहते. तीन गोष्टी न सुचणे हा त्याचा आजार आहे. उपदेशक मात्र त्याला त्याचा स्वभावदोष ठरवून मोकळा होतो.

शिवाय कृतज्ञता ही कोणाविषयी तरी असावी लागते. अॅडम स्मिथने १७५९ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात तिचा विचार केला तो उपकारकर्त्याची परतफेड करावयास लावणारी भावना म्हणून. (स्मिथचे नाव घेणारे अर्थपंडित हा ग्रंथ सहसा उघडत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) वहीतल्या कृतज्ञतेला पत्ताच नसतो. नोकरी टिकली म्हणून आभार मानावयाचे, ते कोणाचे? आठ तासांच्या पगारात बारा तास राबवून घेणाऱ्याचे? आणि हीच वही मालक आपल्या कामगारांना वाटू लागला, तर तिचा हेतू वेगळा सांगावयास नको. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेलचा दाखला देऊन कृतज्ञतेलाही मर्यादा असतात, स्वाभिमान गमावून कोणी कृतज्ञ राहू शकत नाही, असे बजावले होते. तो इशारा राजकारणातील विभूतिपूजेसंबंधी होता हे खरे. पण धन्याच्या उपकारांखाली पिढ्यान्पिढ्या वाकलेल्या समाजाला त्याचा व्यापक अर्थ समजावून द्यावा लागू नये.

याबाबतीत पुरोगाम्यांचे वर्तनही निर्दोष नाही. मोर्च्याला येईनासा झालेला, बैठकीत कोपऱ्यात गप्प बसणारा सहकारी दिसला की ‘मध्यमवर्गीय चोचले’ म्हणून त्याची वासलात लावली जाते. किंवा व्यवस्था बदलली की मनेही सुधारतील, असे आश्वासन दिले जाते. कर्जाने शेतकऱ्याचे मन खचते हे सत्य आहे, परंतु कर्ज माफ झाले म्हणून खचलेले मन दुसऱ्या दिवशी उठून औताला लागत नाही. त्यालाही उपचार लागतो, आणि तो मिळत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय सेवेतून असा उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. हक्क कागदावर आणि वही उशाशी, अशी ही विभागणी आहे.

उपचार गरिबाच्या आवाक्यात येत नाही, हेही खरे नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत संवाद साधला. उपदेश नव्हे; सुटलेली लहानसहान कामे पुन्हा हाती घेणे, माणसांत मिसळणे, पुढ्यातली अडचण सोडवण्याचा मार्ग शोधणे, असा तो क्रम होता. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांतील ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत अशाच गावपातळीवरील कामानंतर, नैराश्य असताना उपचाराकडे वळणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

म्हणजे प्रश्न येतो तो माणसाचा आणि त्याच्या मोबदल्याचा. अशा घरी जाऊन शेजारी बसू शकेल अशी बाई गावात आहे. तिला आशा म्हणतात. सरकारच्या लेखी ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला पगार नसतो, मानधन असते. २२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी पाच वाजता देशाने थाळ्या वाजवून तिच्यासारख्यांविषयी कृतज्ञता व्यक्त केली. पुढच्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले.