तिकीट म्हणजे दिलेला शब्द

दिवाळी, नाताळ आणि मे महिना या तीन हंगामांत आपल्या विमानतळांना जत्रेचे रूप येते. विमान हे आता केवळ धनिकांचे वाहन राहिलेले नाही. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांची वाट पाडली आणि पाहता पाहता शिक्षक, बँक कर्मचारी, छोटे दुकानदार सहकुटुंब विमानाने जाऊ लागले. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु विमान जितके सर्वसामान्यांचे झाले, तितके सर्वसामान्य प्रवाशाचे हक्क विमानात चढले काय? या प्रश्नाचे उत्तर निराशाजनक आहे.

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आठवावा. वैमानिकांच्या विश्रांतीविषयीचे नवे नियम त्या वर्षी दोन टप्प्यांत लागू झाले. दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला सुरू झाला. नियमांची पूर्वकल्पना सर्वांनाच होती. तरीही देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी नेणाऱ्या इंडिगो कंपनीचे वेळापत्रक कोसळले. ५ डिसेंबर या एकाच दिवशी एक हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. कोणाचे लग्न हुकले, कोणाची परीक्षा, तर कोणाला आप्ताचे अंत्यदर्शन घेता आले नाही. त्याच वेळी इतर कंपन्यांची भाडी आकाशाला भिडली. अखेर सरकारला हस्तक्षेप करून पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, तर दीड हजार किलोमीटरच्या पुढे अठरा हजार रुपये अशी भाड्याची कमाल मर्यादा घालावी लागली.

या प्रसंगात तिकिटाचे पैसे परत मिळाले, मग तक्रार कसली, असे विचारणारेही भेटतात. या प्रश्नातच सारी मेख आहे. तीन महिने आधी चार हजारांना घेतलेले तिकीट ऐन वेळी रद्द झाले आणि चार हजार परत मिळाले, तर त्या पैशात त्या दिवशी दुसरे तिकीट मिळत नाही. चार माणसांच्या कुटुंबाला तीच वाट गाठण्यासाठी तिप्पट-चौपट रक्कम मोजावी लागते किंवा घरी परतावे लागते. प्रवाशाने खुर्ची विकत घेतलेली नसते, त्याने विशिष्ट दिवशी विशिष्ट गावी पोहोचण्याचे वचन विकत घेतलेले असते. पैसे परत केल्याने वचन पाळले जात नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम याबाबत अगदीच मुके होते असे नव्हे. विलंब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की अल्पोपाहार व भोजन द्यावे, सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल तर पर्यायी विमान अथवा पूर्ण परतावा द्यावा, पूर्वसूचनेविना उड्डाण रद्द केल्यास अंतराच्या वेळेनुसार पाच ते दहा हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी, अशा तरतुदी त्यांत होत्या. धुके, वादळ, संप यांसारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी भरपाईतून सूट होती, हेही रास्तच. उणीव होती ती एका जागी. ‘पर्यायी विमान’ म्हणजे गरज पडल्यास दुसऱ्या कंपनीचेही विमान, असे स्पष्ट बंधन कंपनीवर नव्हते. स्वतःचे पुढचे विमान दोन दिवसांनी असले तरी तेच प्रवाशापुढे ठेवायचे, आणि नको असेल तर पैसे घ्या म्हणायचे, ही पळवाट तेथूनच निघाली.

आपल्या एस.टी.कडे पाहावे. घाटात गाडी बंद पडली तर वाहक मागून येणारी गाडी थांबवतो आणि प्रवाशांना त्याच तिकिटावर तीत बसवून देतो. कोणी पुन्हा पैसे मागत नाही. एस.टी. हे एकच महामंडळ आहे, विमान कंपन्या परस्परांच्या प्रतिस्पर्धी आहेत, हा आक्षेप येथे संभवतो. पण जगभरच्या प्रतिस्पर्धी विमान कंपन्या एकमेकींची तिकिटे स्वीकारून मागाहून आपसांत हिशेब मिटवीत आल्या आहेत. त्यासाठीची आंतरराष्ट्रीय व्यवस्था १९४७ पासून चालू आहे. स्वल्पदरी कंपन्यांनी खर्च वाचविण्यासाठी बहुधा या व्यवस्थेकडे पाठ फिरविली. कॅनडाने २०१९ मध्ये नियमच केला. कंपनीच्या अखत्यारीतील कारणाने उड्डाण रद्द झाले आणि मोठ्या कंपनीला नऊ तासांच्या आत स्वतःचे वा सहयोगी कंपनीचे विमान देता आले नाही, तर तिने प्रवाशाला प्रतिस्पर्ध्याच्या विमानातही जागा मिळवून द्यावी.

असे बंधन घातल्यास भाडी वाढतील, अशी भीती घातली जाते. थोडी वाढतीलही. एकाच कंपनीचा सारा डोलारा कोसळला तर इतरांच्या विमानांत सर्वांना जागा पुरणार नाही, हेही मान्य. पण रोजच्या व्यवहारात एखाद-दुसरेच उड्डाण रद्द होते, आणि तेथे हा नियम निश्चित उपयोगी पडेल. शिवाय प्रतिस्पर्ध्याचे महाग तिकीट आपल्या खिशातून काढावे लागेल, हे ठाऊक असलेली कंपनी राखीव विमान आणि पुरेसे वैमानिक आधीच जवळ ठेवील. आज नियोजनातील ढिसाळपणाची किंमत प्रवासी भरतो. ती ज्याची त्याने भरावी, एवढीच अपेक्षा आहे.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. संघटित ग्राहकांच्या चिकाटीचा त्यात मोठा वाटा होता. विमान प्रवाशाला आज तशाच चिकाटीची गरज आहे. उड्डाण रद्द झाल्यास कारण लेखी मागावे. कंपनीचा संदेश आणि खर्चाच्या पावत्या जपाव्यात. परतावा घाईने स्वीकारू नये, आधी पर्यायी विमानाची मागणी करावी. काउंटरवरील तरुण कर्मचाऱ्यावर आगपाखड करू नये, निर्णय त्याचा नसतो. दाद मिळाली नाही तर २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही.

आणि आपल्या खासदाराला एक पत्र अवश्य लिहावे. मागणी एका वाक्याची आहे: कंपनीच्या दोषाने विमान चुकले, तर ज्या विमानात जागा असेल त्या विमानाने, मग ते कोणाचेही असो, प्रवाशाला त्याच तिकिटावर त्याच्या गावी पोहोचवावे.