पूरग्रस्तांच्या हातात पैसे द्या

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून चार लाखांहून अधिक माणसांना घर सोडावे लागले. कोणी शाळेत, कोणी मंगल कार्यालयात, कोणी पाहुण्यांकडे. पलूस तालुक्यातल्या ब्राह्मनाळला बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले.

त्या दिवसांत महाराष्ट्र धावून आला, हे विसरता येणार नाही. कोल्हापूरच्या ‘व्हाइट आर्मी’सारख्या संघटनांचे स्वयंसेवक पाण्यात उतरले. गावोगावच्या बायकांनी भाकऱ्या थापून पाठवल्या. पाण्याने वेढलेल्या माणसाला पहिले चार-पाच दिवस हवी असते बोट, पिण्याचे पाणी, शिजवलेले अन्न आणि औषध. तेव्हा त्याच्या हातात नोटा देऊन काही होत नाही, कारण दुकानेच पाण्याखाली असतात.

प्रश्न त्यानंतरचा आहे. पाणी ओसरले, रस्ते मोकळे झाले की मदतीचे ट्रक येतात. हमरस्त्यालगतच्या गावांत ते एकामागोमाग एक थांबतात. शिरोळ तालुक्याच्या टोकाला असलेल्या राजापूर, खिद्रापूरसारख्या गावांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ट्रकमधून उतरतात बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या आणि जुने कपडे. कपड्यांची गोष्ट तर जुनीच आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याच्या कडेला नको असलेल्या कपड्यांचे ढीग पडले होते. ‘गूंज’ या संस्थेने ते उचलून, निवडून कामी आणले. याच संस्थेने सुती कापडापासून पॅड बनवून खेड्यांतल्या बायकांपर्यंत पोहोचवले. छावणीत दहा दिवस काढणाऱ्या बाईची ही गरज मदतीच्या यादीत सहसा कोणी लिहीत नाही. ‘गूंज’चे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वस्तूच द्यायच्या असतील, तर एवढा बारकाईने विचार करून द्याव्यात.

मात्र घरी परतलेल्या कुटुंबाची गरज ट्रकमध्ये भरता येत नाही, कारण प्रत्येक उंबऱ्याआड ती वेगळी असते. एकाच्या घरात गुडघाभर गाळ आहे आणि तो काढायला मजूर लावायचे आहेत. दुसऱ्याची म्हैस वाचली आहे, पण वैरण कुजली आहे. तिसऱ्याची शिलाई मशीन गंजली आहे. चौथ्याच्या मुलीची वह्या-पुस्तके गेली, तिला बारावीची परीक्षा द्यायची आहे. पाचवे कुटुंब भाड्याच्या खोलीत राहणारे. घर त्यांचे नाही, सातबारा नाही, त्यामुळे पंचनाम्यात त्यांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. शेतमजुरांचे हाल तर सगळ्यांत वाईट. ऊस मालकाचा बुडतो, पण त्यावरची कित्येक आठवड्यांची मजुरी त्यांची बुडते, आणि ती कुठल्याच कागदावर नसते.

या पाचही घरांना उपयोगी पडेल अशी वस्तू एकच, ती म्हणजे रोख रक्कम. सरकारलाही हे ठाऊक आहे. २०१९ मध्ये ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर झाले, त्यातले पाच हजार हातात. मग सेवाभावी संस्थांनी बिस्किटांवरच का थांबावे?

आक्षेप ठरलेला असतो: पैसे दारूत जातील. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा या अभ्यासकांनी जागतिक बँकेसाठी १९ अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असे त्यांतून दिसले नाही. ज्या बाईने पुराच्या पाण्यातून पोरे आणि दावणीची जनावरे बाहेर काढली, तिला हजार रुपये कुठे खर्चायचे हे कळणार नाही, असे मानणे हा तिचा अपमान आहे. शिवाय तिने कुरुंदवाडच्या बाजारात पत्रे घेतले, तर तिथला बुडालेला दुकानदारही पुन्हा उभा राहतो. पुण्या-मुंबईत खरेदी करून पाठवलेल्या ट्रकने ते होत नाही.

पैसे कोणाला, हा प्रश्न खराच अवघड आहे. लाभार्थ्यांची यादी एखाद्या पुढाऱ्याच्या घरी बसून होऊ नये. ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, चावडीवर लावावी, भाडेकरू आणि मजुरांची नावे आधी घ्यावीत, खाते शक्यतो बाईच्या नावाचे असावे. ज्यांचे आधार कार्ड आणि पासबुक वाहून गेले, त्यांच्यासाठी शेजाऱ्यांची साक्ष पुरेशी मानावी. पाकिटावर कोणाचा फोटो चिकटवू नये. २०१९ मध्ये धान्याच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे लावल्याने लोक संतापले, ते योग्यच होते.

याहून पुढचे पाऊल बांगलादेशात पडले आहे. जुलै २०२० मध्ये जमुना नदीचा पूर शिगेला पोहोचण्याआधी जागतिक अन्न कार्यक्रमाने सुमारे २३ हजार कुटुंबांना मोबाइलवरून प्रत्येकी ४,५०० टका पाठवले. नंतरच्या अभ्यासात दिसले की, पैसे न मिळालेल्यांच्या तुलनेत या कुटुंबांवर पुराच्या काळात दिवसभर उपाशी राहण्याची वेळ येण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी होते.

पंचगंगेच्या काठावर हे का होऊ नये? २०२१ च्या जुलैमध्ये, म्हणजे दोनच वर्षांनी, तीच गावे पुन्हा पाण्यात गेली. कोणती घरे आधी बुडतात हे प्रत्येक ग्रामपंचायतीला पाठ आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आहे. संस्थांनी मे महिन्यातच याद्या आणि खाती तयार ठेवावीत, आणि नदी ३९ फुटांवर आली की त्याच दिवशी पैसे सोडावेत. जनावरे उंचावर न्यायला टेम्पो ठरवायचा असतो, चार दिवसांची वैरण आणि पीठ घ्यायचे असते, म्हाताऱ्या आईला पाहुण्यांकडे पोहोचवायचे असते. ही सगळी कामे पाणी दारात येण्याआधीच करायची असतात.