पाटी नवऱ्याची, मूर्ती बाईची

मैत्रिणींनो, 'मादाम लेओं बेर्तो' या नावाची मूर्ती पाहिलीत, तर ती कुणाच्या हातची म्हणाल? लेओं हे नवऱ्याचं नाव. तोही शिल्पकारच. पण या मूर्तींवर छिन्नी चालली ती बायकोची. तिचं नाव एलेन, जन्म पॅरिसचा, १८२५ चा.

एलेन शिकली ती घरात. सावत्र वडील प्येर एबेर शिल्पकार होते ना! ज्या मुलीच्या घरी असं कुणी नाही तिनं काय करायचं? 'एकोल दे बोझार' या सरकारी कलाशाळेत मुलींना मज्जाव. तिथं मुलांना शिक्षण फुकट, आणि मुलींनी मात्र पैसे मोजून खाजगी वर्गाला जायचं! ज्युलियन यांच्या नावाजलेल्या वर्गात तर बायकांची फी पुरुषांच्या दुप्पट. शिवाय, माणसाची मूर्ती करायची तर माणसाचं शरीर नीट अभ्यासायला नको का? पण मुलींपुढे उघड्या अंगाचा मॉडेल बसवायचा म्हणजे अब्रह्मण्यम!

एलेनबाईंनी १८६४ च्या 'सालों' प्रदर्शनात नेमका तसाच पुतळा मांडला, कैदी झालेल्या गॉल तरुणाचा. त्याला पदक मिळालं. १८७३ मध्ये 'स्नानाला आलेली मुलगी' या मूर्तीला पुन्हा पदक. आता स्वस्थ बसायला हरकत नव्हती. पण बाईंनी त्याच वर्षी बायकांसाठी शिल्पकलेचा वर्ग काढला आणि १८७९ मध्ये चक्क शाळा! मग १८८१ साली स्त्री-चित्रकार आणि शिल्पकारांचा संघ उभा केला. पुढच्याच वर्षी त्याचं पहिलं प्रदर्शन भरलं.

एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं, बरं का. आपली शाळा चालली म्हणून सरकारी शाळेचं बंद दार त्या विसरल्या नाहीत. १८८९ च्या महिला परिषदेत त्यांनी ती मागणी जाहीरपणे मांडली. अर्ज, बैठका, पुन्हा अर्ज! दार उघडलं ते १८९७ मध्ये. आत आलेल्या मुलींना पाहून तिथल्या पोरांनी आरडाओरडा केला, म्हणे कलेची शाळा! बाईंची तेव्हा सत्तरी उलटली होती. त्याच वर्षी 'सालों'च्या परीक्षक मंडळावर त्या गेल्या, पहिल्या स्त्री म्हणून.

विजेत्याला शिक्षणासाठी रोमला पाठवणारं मानाचं पारितोषिक मुलींना १९०३ पासून खुलं झालं. शिल्पकलेत ते पहिल्यांदा एका मुलीनं, ल्युसिएन हेवेलमान्सनं, पटकावलं १९११ साली. एलेनबाई १९०९ मध्येच गेल्या होत्या.