वैनगंगेकाठच्या घरांना विमा कधी?

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवर धरणाचे पाणी सुटले आणि भंडारा जिल्ह्यात वैनगंगेने काठ सोडला. मातीची भिंत पुरात भिजून फुगते, तरी कधी उभी राहते. पाणी ओसरून ऊन पडले की आकसते, तडकते आणि कवेलूंसकट खाली बसते. तुमसर तालुक्यातील नदीकाठच्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

घरविम्याचा हप्ता ठरतो तो संकटाची शक्यता आणि घर पुन्हा बांधण्याचा खर्च यांवर. फ्लोरिडात चक्रीवादळे, महाग मजुरी, कोर्टकज्जे आणि पुनर्विम्याचे चढे दर हप्त्यात मिसळतात. कॅलिफोर्नियात वणव्यांच्या धास्तीने २०२३ मध्ये एका बड्या कंपनीने नवे घरविमेच थांबवले. ब्रिटनने २०१६ पासून पुराचा बोजा सगळ्या विमा कंपन्यांत वाटला, म्हणून तिथे नदीकाठच्या घरालाही परवडेल असा विमा मिळतो.

विम्यात जागेची किंमत धरत नाहीत, आणि आपल्याकडे बांधकाम तुलनेने स्वस्त. त्यामुळे हप्ता कमी. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात आग, भूकंप, वादळ, पूर सारे येते. पण गृहकर्ज नसलेल्या घरापर्यंत ती पोहोचवणार कोण? मग उरतो तलाठ्याचा पंचनामा आणि मैदानी भागात पूर्ण पडलेल्या पक्क्या घरामागे सरकारी मदतीचे १ लाख २० हजार रुपये. एवढ्यात आज घर उभे राहत नाही.

पिकाच्या विम्याच्या हप्त्यात सरकार वाटा उचलते. तसाच वाटा उचलून नदीकाठच्या गावांचा सामूहिक घरविमा राज्याने काढावा, आणि तोही येत्या पावसाळ्याआधी.