अभिवादनातून गळालेले प्रवासी

संपादक महोदय,


२६ नोव्हेंबर जवळ आला की मुंबई-ठाण्याच्या नाक्यानाक्यावर फ्लेक्स चढतात : ‘२६/११ च्या वीर शहिदांना भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फोटो. (२०१५ पासून याच तारखेला संविधान दिनही असतो, त्यामुळे काही ठिकाणी श्रद्धांजली आणि शुभेच्छा एकाच फ्लेक्सवर नांदतात.) वृत्तपत्रांचे मथळेही फारसे वेगळे नसतात. माझी हरकत भावनेला नाही, मजकुराला आहे.

२००८ च्या त्या दहशतवादी हल्ल्यात १६६ जण मारले गेले. पोलीस आणि सुरक्षा दलांचे त्यात वीसही नव्हते. बाकीचे कोण? एकट्या सीएसटी (आताच्या सीएसएमटी) स्थानकात ५८ जीव गेले. त्यात गावी जाणाऱ्या गाडीची वाट पाहत सामानासकट बसलेली माणसे होती. ताज, ट्रायडंट, लिओपोल्ड, नरिमन हाऊस इथले पाहुणे, कर्मचारी, परदेशी नागरिक वेगळेच. ‘शहिदांना’ म्हणताना यांच्यापैकी कोणीही आपल्या डोळ्यांसमोर येत नाही.

मग सगळ्यांनाच शहीद म्हणा, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. पोलीस दलातल्या तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हल्लेखोर कसाबची बंदूक धरून ठेवली ती परिणाम समोर दिसत असताना. तिथे बलिदान हा शब्द शोभतो. सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर हुतात्मा चौक आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेले ते लोकही साधेच होते, पण ते एका मागणीसाठी रस्त्यावर उतरले होते. स्थानकावरचा प्रवासी कशासाठी आला होता? गाडी पकडायला. त्याने प्राण दिले नाहीत, ते त्याच्याकडून हिसकावून घेतले गेले. त्याला शहीद म्हटले की मरण त्याने पत्करले असे वाटू लागते आणि दहा हल्लेखोर कराचीहून समुद्रमार्गे थेट कफ परेडच्या किनाऱ्याला लागलेच कसे, हा प्रश्न विचारणे अप्रशस्त ठरते. राज्य सरकारनेच नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या तयारीतल्या त्रुटी दाखवल्या होत्या. अभिवादनाच्या गजरात त्या अहवालाची आठवण कोणाला होते?

अशा वेळी तोंडातून गेलेल्या शब्दांची किंमत महाराष्ट्राला ठाऊक आहे. हल्ल्यानंतर तो किरकोळ ठरवणाऱ्या एका वाक्यापायी आर. आर. पाटील यांना गृहमंत्रिपद सोडावे लागले.

माझी सूचना साधी आहे. ‘२६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या सर्वांना आणि त्यांना वाचवताना प्राण दिलेल्या पोलीस व जवानांना आदरांजली’ असे लिहावे. ‘घटना’ किंवा ‘दुर्घटना’ नको. दुर्घटना पूल पडला की होते. वर्षही हवे, कारण नुसता ‘२६/११’ हा आकडा आपल्याला पुरतो, पण आज कॉलेजात पाऊल ठेवणारी मुले तेव्हा पाळण्यात होती, नाहीतर जन्मलीही नव्हती. एवढा मजकूर फ्लेक्सवर मावणार नाही, असे कोणी म्हणेल. दोन-चार फोटो कमी केले तर मावेल.

वृत्तपत्रांना तर जागेचीही सबब नाही. आणि प्रश्न एकट्या २६ नोव्हेंबरचा नाही. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले आणि संध्याकाळी घरी निघालेले नोकरदार डब्यातच गेले. त्या तारखेला नाक्यावर असे फ्लेक्स मी पाहिले नाहीत. गणवेशातला चेहरा नसला की श्रद्धांजलीचा मजकूरच आपल्याला सुचत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. तेव्हा आपल्या दैनिकाने यंदा दोन्ही तारखांना नागरिकांचा उल्लेख पहिल्या ओळीत करावा, ही विनंती.

आपला,
मध्य रेल्वेचा एक पासधारक, डोंबिवली