बीज आणि धूर

‘आमच्या घराण्यांतच मधुमेह आहे, मग सिगारेट सोडून तरी काय होणार?’ हा युक्तिवाद आमच्या वारज्यांत चांगल्या शिकलेल्या गृहस्थांच्या तोंडून आम्हांस वारंवार ऐकूं येतो. तो साफ उफराटा आहे, एवढेंच आज वाचकांस सांगावयाचें आहे.

सुश्रुतानें चिकित्सास्थानांत प्रमेहाचे दोन प्रकार मानले आहेत. मातापितरांच्या बीजदोषामुळें होतो तो सहज, व अपथ्यामुळें होतो तो अपथ्यनिमित्तज. पुष्कळजण स्वतःस पहिल्या वर्गांत घालून निश्चिंत होतात. परंतु बीज व अपथ्य ह्या दोन अलग वाटा नसून त्या एकाच शरीरांत येऊन मिळतात, असें अर्वाचीन संशोधन सांगतें.

सन २०२५ मध्यें व्हिएन्ना येथें युरोपांतील मधुमेह-संशोधकांची परिषद भरली होती. तींत स्वीडन व नॉर्वे येथील एक पाहणी मांडण्यांत आली. दुसर्‍या प्रकारच्या मधुमेहाचे जे चार उपप्रकार कल्पिले आहेत, त्या चोहोंचा धोका धूम्रपान करणारांत अधिक आढळला. ज्या उपप्रकारांत शरीर इन्शुलिनला दाद देत नाहीं, त्याचा धोका तर दुपटीहून अधिक होता. त्यांतही इन्शुलिन कमी स्रवण्याचा वारसा असून जे फार धूम्रपान करीत, त्यांची स्थिति विशेष वाईट होती.

ह्याचें कारण कठीण नाहीं. स्वादुपिंडांतून स्रवणारें इन्शुलिन रक्तांतील साखर पेशींत पोंचवितें. तंबाखूंतील निकोटिनमुळें पेशी त्याला नीट जुमानीत नाहींत. मग स्वादुपिंडास अधिक इन्शुलिन निर्माण करावें लागतें. ज्याचें स्वादुपिंड वारशानेंच दुर्बळ, त्याला हा वाढीव भार कसा पेलावा?

‘आम्ही तर सडपातळ आहों,’ असें कोणी म्हणेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन ह्यांनीं २००४ मध्यें ‘लॅन्सेट’मध्यें स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण युडकिन ह्यांच्या अंगीं मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगीं २१.२ टक्के! आपल्याकडील कृश देहांतही मेद दडलेला असतो. धूम्रपानानें वजन थोडें कमी राहिलें, तरी पोटांतील मेद वाढतो; म्हणून त्या सडपातळपणावर विसंबूं नये.

धूम्रपान सोडल्यावर प्रथम वजन कांहींसें वाढतें, व त्या काळांत साखरेवर लक्ष ठेवावें लागतें. पुढें मात्र वर्षें लोटतील तसतसा धोका उतरत जातो. शिवाय घरांत कोंडलेला धूर न ओढणारांसही बाधतो, व त्यांच्यांतही मधुमेहाचें प्रमाण अधिक आढळलें आहे. एकत्र कुटुंबांत ज्या मुलाबाळांनीं आपल्याकडून बीज घेतलें, त्यांनाच आपण धूरही पाजावा काय?

म्हणून ज्या घरीं वडिलांस अथवा आजोबांस मधुमेह आहे, तेथें तिशी उलटलेल्या प्रत्येकानें रक्तांतील साखर तपासून घ्यावी. आणि सिगारेट सोडण्याचा आरंभ घरांतील वडीलधार्‍यांनीं करावा; धाकट्यांस उपदेश त्यानंतर.