थारला जिप्सीचे पाय
मिरा-भाईंदरमधल्या थारवाल्याच्या डोक्यात पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन काढून अखंड एक्सल बसवायचं खूळ शिरतं, तेव्हा ते अगदीच निराधार नसतं, हे आधी मान्य करू. अखंड एक्सलचं एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, पकड सहज सुटत नाही. शिवाय स्प्रिंग दबली तरी डिफरन्शियलची जमिनीपासूनची उंची तेवढीच राहते. पण घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत हाच जड एक्सल एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोचवतो. स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक आणि एक्सलला आडवं धरणारा ट्रॅक बार समांतर नसले, तर खड्ड्यागणिक गाडी आपोआप वळू पाहते, आणि ही जुळणी वेल्डरच्या अंदाजाने साधत नाही. ‘जिम्नीला, जुन्या जिप्सीला हाच एक्सल आहे की!’ आहे, पण गाडीच त्याच्यासाठी आखलेली. मग सरळ जिम्नीच घ्यावी, ती थारपेक्षा हलकीही आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘फक्त खासगी जमिनीवर चालवू’ असं म्हणालात, तरी गाडी तिथवर ट्रेलरवरून न्यावी लागेल, आणि मिरा रोडच्या सोसायटीत कारलाच जागा मिळत नाही, ट्रेलरला कुठून मिळणार? त्यापेक्षा चांगले टायर आणि काही मॉडेलांत कंपनीच देते ते मागचं डिफरन्शियल लॉक बहुतेकांना पुरेसं आहे.